झड्यांआडचा अंधार : महाबळेश्वरातली पावसाळी उदासी आणि प्रकाशदिवा

दहिवडी आणि महाबळेश्वर ही दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातलीच. पण दहिवडीच्या माणदेशात वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या पुढे. एका टोकाला उजेडाचा सुकाळ. दुसऱ्या टोकाला मृग लागण्याआधीच घरांना, दुकानांना गवताच्या झड्या, ताडपत्री आणि प्लास्टिकचे कागद बांधून भिंती वाचवाव्या लागतात. भिंती वाचतात, पण खिडक्याही झाकल्या जातात. पुढचे तीन-साडेतीन महिने घरात दुपारी बारालाही ट्यूब लागते.

अशा अंधारात येणाऱ्या उदासीवर रोज ठरावीक वेळ तेजस्वी दिव्यासमोर बसण्याचा उपचार केला जातो. त्याचं इथे मांडलेलं प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, कोणा एका व्यक्तीची ही हकिगत नाही. मापं, वेळा आणि होणाऱ्या चुका मात्र जशा असतात तशाच दिल्या आहेत.

बाईंचं वय ३९. मूळ गाव दहिवडीकडचं. बँकेत नोकरी, चार वर्षांपूर्वी बदली होऊन महाबळेश्वरला. नवरा, सासूबाई आणि शाळकरी मुलगी सोबत. जूनअखेरीस सुरू होणारी तक्रार सलग तिसऱ्या पावसाळ्यात तशीच्या तशी उगवली: सकाळी उठवत नाही, रविवारी कुणी उठवलं नाही तर दहा-दहा तास झोप, तरी अंग जड. गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं, दर पावसाळ्यात तीन-चार किलो वजन वाढतं. कामात चुका नाहीत, पण प्रत्येक काम ढकलत न्यावं लागतं. कुणाशी बोलू नये असं वाटतं. दसऱ्याच्या सुमाराला सगळं आपोआप ओसरतं. सासूबाईंनी डॉक्टरांपुढे एका वाक्यात सांगितलं, "उन्हाळ्यात घरभर पळती, अन् पाऊस लागला की अंथरूण सोडत न्हाय." ऋतुमानाशी बांधलेल्या नैराश्याचं निदान करताना घरच्या माणसाची अशी साक्ष फार मोलाची असते, कारण उदास माणसाला आपण कायमच असे होतो असं वाटत असतं.

नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत या विकाराचं वर्णन केलं. त्यांच्यापुढचे रुग्ण थंड प्रदेशातले, हिवाळ्यातल्या आखूड दिवसांचे होते. जास्त झोप, पिष्टमय खाण्याची ओढ, वाढतं वजन ही तिथल्या हिवाळी उदासीची खूण इथे जुलैत दिसते. पण कारण तेच आहे असं गृहीत धरता येत नाही. साताऱ्याच्या अक्षांशावर जुलैचा दिवस तेरा तासांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांपैकी. इथे दिवस आखूड झालेला नाही, उजेड पातळ झाला आहे. म्हणून पहिलं काम दिवा आणण्याचं नाही, उजेड मोजण्याचं.

बाईंच्या घरात लक्समीटर (त्या जागी पडणारा उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र) डोळ्यांच्या उंचीवर, समोर तोंड करून धरला. सकाळी साडेआठला झाकलेल्या खिडकीपाशी ४० लक्स. ट्यूब लावलेल्या स्वयंपाकघरात १३०. बँकेत काउंटरवर ३००. त्याच वेळी अंगणात, दाट धुक्यात, साडेपाच हजार. निरभ्र दुपारच्या उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो, आणि दहिवडीला पावसाळ्यातही बऱ्याच दिवशी कधीतरी तो तसा जातो. बाई सकाळी घरातून रिक्षाने बँकेत आणि संध्याकाळी अंधारात परत. दिवसभरात डोळ्यांना पाचशे लक्सच्या वर उजेड मिळण्याची वेळ दहा मिनिटंही नव्हती.

डोळ्यांना म्हणायचं कारण असं की हा उपचार त्वचेवर चालत नाही. डोळ्याच्या पडद्यात दंडपेशी आणि शंकुपेशींखेरीज मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या थोड्या पेशी असतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या जैविक घड्याळाला दिवस उजाडल्याची खबर पोचवतात. साध्या पांढऱ्या प्रकाशात हा निळसर भाग पुरेसा असतो, त्यामुळे निळे दिवे शोधत बसायची गरज नाही. आणि ड जीवनसत्त्वाचा या दिव्याशी काही संबंध नाही. ते अतिनील किरणांनी त्वचेत तयार होतं, तर या दिव्यात अतिनील किरण नसावेत हीच अट आहे.

दिव्याआधीची चाळणी

साताऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी दिव्याचं नाव काढण्याआधी चार गोष्टी पाहिल्या. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच आणि बी-१२. थायरॉइड मंदावलं तरी झोप, वजन आणि सुस्ती अशीच वाढते. मग पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली, ० ते २७ गुणांची. बाईंचे गुण १५, म्हणजे मध्यम आणि तीव्र यांच्या मधल्या पट्टीत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर शून्य होतं म्हणूनच पुढे दिव्याचा विचार झाला. ते शून्य नसेल तर दिवा बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

तिसरी विचारपूस उलट्या टोकाची: कधी चार-सहा दिवस झोप न लागताही उत्साह ओसंडलाय का, पैसे भराभर उडवलेत का, बोलणं थांबत नव्हतं असं झालंय का, घरात कुणाला तसा आजार आहे का. द्विध्रुवी विकार असलेल्याला सकाळचा तीव्र प्रकाश उन्मादाकडे ढकलू शकतो. अशांना प्रकाश दिलाच तर तो दुपारी, कमी वेळ आणि औषधाच्या आधारानेच दिला जातो. चौथी डोळ्यांची. मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम, पडद्याचे इतर विकार, काचबिंदू असल्यास नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. त्याच वेळी चालू औषधांची यादी. पावसाळ्यात भातखाचरात काम करणाऱ्यांना लेप्टोच्या तापाच्या धोक्यामुळे डॉक्सीसायक्लिन दिलेलं असू शकतं. ते प्रकाशाची संवेदनशीलता वाढवतं. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन आणि काही जुनी मनोविकारावरची औषधंही याच यादीत येतात.

आणखी एक प्रश्न आहे, जो महाबळेश्वर-पाचगणीत विचारलाच पाहिजे. पावसात धंदा बंद असतो का? ऋतुमानाच्या नैराश्याच्या निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की दरवर्षी ठरावीक काळात येणारी बेकारी किंवा तसाच ताण उदासीचं कारण असेल तर ते या निदानात बसत नाही. बाजारपेठेतला चप्पल किंवा चिक्कीचा दुकानदार जुलैत खचलेला असेल तर त्याच्या गल्ल्याचा हिशेब आधी बघावा. दिव्यासमोर बसून हप्ते फिटत नाहीत. बाईंचा पगार बारा महिने सारखाच होता, कुटुंब सोबत होतं आणि बदलीनंतरचे सगळे उन्हाळे चांगले गेले होते, म्हणून हे कारण मागे पडलं.

पहिले दोन आठवडे वाया का गेले

घरच्यांनी ऑनलाइन एक छोटा, टॅब्लेटच्या आकाराचा दिवा मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१०,००० लक्स'. तो टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि बाई रात्री साडेआठला जेवण आटपून त्याच्यासमोर मालिका बघत अर्धा तास बसायच्या. दोन आठवड्यांनी गुण १५ चे १४ झाले, झोप मात्र साडेबारापर्यंत लागेना आणि सकाळ आणखी जड झाली.

यात एकावर एक चढलेल्या तीन चुका होत्या.

अंतराची चूक आधी. लक्स हे दिव्याचं माप नाही, ज्या जागी मोजलं त्या जागेचं माप आहे. १५ सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या पडद्याचा दिवा १५ सेंटीमीटरवर १०,००० लक्स देत असेल तर ३० सेंटीमीटरवर साधारण ३,००० आणि ४५ सेंटीमीटरवर दीड हजाराच्या आत येतो. टीव्हीइतक्या अंतरावर तो खोलीतल्या ट्यूबपेक्षा फारसा वेगळा राहत नाही. नाकापासून वीतभर अंतरावर दिवा धरून अर्धा तास रोज कोणी बसत नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. खोक्यावर '१०,००० लक्स' लिहिलं असेल पण किती अंतरावर ते लिहिलं नसेल, तर तो आकडा बाद धरावा.

दुसरी चूक वेळेची, आणि ती जास्त नुकसानीची. शरीराचं तापमान पहाटे, नेहमीच्या जागं होण्याच्या दोन-तीन तास आधी, सर्वांत खाली जातं. त्यानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे आणतो, म्हणजे लवकर झोप आणि लवकर जाग. त्याआधीचा, म्हणजे संध्याकाळचा आणि रात्रीचा, प्रकाश घड्याळ मागे ढकलतो. रात्री साडेआठच्या दिव्याने बाईंची झोप उशिरावर गेली असावी ती याच नियमाने. याच कारणाने दुसरी, उलट बाजूची घाईही महाग पडते: रविवारी न उठवता पावणेनऊला जाग येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी पाचला उठवून दिव्यासमोर बसवलं तर प्रकाश त्या खालच्या बिंदूच्या आधी पडू शकतो आणि परिणाम उलटा होतो.

तिसरी चूक मोजमापाची: डोळ्यापाशी किती लक्स पोचतात ते कुणी पाहिलंच नव्हतं. फोनमधलं लक्समीटरचं ॲप ढोबळ अंदाजाला चालतं. त्याचा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला असतो, म्हणून पडदा दिव्याकडे करून फोन कपाळापाशी धरायचा. दिवा जवळ आणूनही आकडा एका जागी अडकला तर त्या फोनचा सेन्सर तिथेच संपतो असं समजायचं. हातातला साधा लक्समीटर मिळाला तर उत्तम.

जोडणी

फूट बाय दीड फूट पडद्याचा, ३० सेंटीमीटर किंवा जास्त अंतरावर १०,००० लक्स देणारा तयार दिवा परवडत असेल तर तोच घ्यावा. इथे मात्र वायरमनकडून जोडून घेतलं.

दोन फूट बाय दोन फूटचे, ४० वॅटचे दोन एलईडी पॅनल. फॉल्स सीलिंगमध्ये बसणारे नकोत, सरफेस प्रकारचे घ्यावेत, कारण त्यांचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) आणि जोड मागच्या झाकणात बंद राहतात. पावसाळी हवेत उघडा कनेक्टर महिनाभरात हिरवा पडतो. पुढे दुधी डिफ्युझर हवाच. डिफ्युझर नसलेला फ्लडलाइट लक्स भरपूर दाखवतो, पण बिंदूतून येणारी तिरीप डोळ्यांना सहन होत नाही. रंग ४,००० ते ६,५०० केल्विनमधला कुठलाही. फिजिओथेरपीतला लाल शेकाचा दिवा किंवा त्वचा सावळी करणारा दिवा याला चालत नाही.

आता हिशेब. ४० वॅटचा चांगला पॅनल ४,००० ल्युमेनच्या आसपास देतो (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप). ०.३६ चौरस मीटरवर पसरलेले ४,००० ल्युमेन म्हणजे पॅनलला अगदी चिकटूनही ११,००० लक्स, आणि ४० सेंटीमीटरवर साडेचार हजारांच्या थोडं वर. म्हणजे एका पॅनलमधून बसण्याजोग्या अंतरावर दहा हजार निघणार नाहीत, कितीही चांगल्या कंपनीचा घेतला तरी. म्हणून दोन, उघड्या पुस्तकासारखे कोनात, मधोमध बिजागरी. १८ मिलिमीटर प्लायचा उभा स्टँड, पॅनलचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर आणि पुढे १५-२० अंश झुकलेला. वरून येणारा प्रकाश डोळ्याच्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो, आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबायला तो भाग अधिक प्रभावी असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तिरक्या कोनामुळे थोडं कमी होऊन चेहऱ्यापाशी, ४० सेंटीमीटरवर, ७,००० लक्स भरले.

मात्रेचा ढोबळ नियम असा: १०,००० लक्सला ३० मिनिटं, ५,००० ला ६० मिनिटं, २,५०० ला दोन तास. तिन्हींचा गुणाकार तीन लाख येतो. ७,००० लक्सला ४५ मिनिटं धरली तर तीन लाख पंधरा हजार, म्हणजे पुरेसं. हा गुणाकार खाली कितीही ताणता येत नाही. ३०० लक्सच्या ट्यूबखाली सोळा तास बसून तीच मात्रा मिळते असं नाही.

वीजजोडणीत कंजुषी नको. थ्री-पिन प्लग, पॅनलच्या धातूच्या चौकटीला अर्थिंग, घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. ओल आलेल्या भिंतीवर पॅनल ठोकायचा नाही, टेबलावरचा स्टँड त्यासाठीच. दोन पॅनलना ४५ मिनिटांना ६० वॅटतास लागतात. घरातला कुठलाही इन्व्हर्टर एवढं सहज देतो, त्यामुळे वीज गेल्याने खाडा पडू नये म्हणून पॅनलचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवरच घ्यावा. इथे तो आधी घेतला नव्हता. त्याचा हिशेब पुढे आहे.

रोजचा क्रम

सुरुवात सकाळी साडेसातला, म्हणजे बाई जेमतेम उठत त्या वेळी. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे, साडेसहापर्यंत. पहिले तीन दिवस फक्त २० मिनिटं, मग ३०, मग ४५. दिव्याकडे बघायचं नाही. तो समोर किंचित बाजूला असतो, नजर टेबलावर. चहा, नाश्ता, पेपर, मुलीच्या डब्याची भाजी निवडणं, सगळं तिथेच. डोळे उघडे हवेत. बाईंनी सुरुवातीला ही वेळ जपासाठी काढली होती आणि जप डोळे मिटून चालायचा. पापण्या बहुतेक प्रकाश अडवतात, म्हणून जप नंतर. रंगीत किंवा उजेडात काळा होणारा चष्मा चालत नाही, साधा नंबरचा चालतो.

चौथ्या दिवशी कपाळ दुखलं आणि मळमळ वाटली. हे दोन्ही त्रास पहिल्या आठवड्यात नेहमीचे. अंतर ४० वरून ५५ सेंटीमीटर केलं, चार दिवसांनी पुन्हा जवळ आणलं. डोकेदुखी जात नसेल तर पॅनलचा लुकलुकाट तपासावा: फोनच्या कॅमेऱ्यात पॅनल पाहिला आणि काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे, तो बदलावा. झोप फार लवकर मोडू लागली, पहाटे तीन-चारला टक्क जाग येऊ लागली, तर वेळ थोडी उशिरा न्यावी किंवा मिनिटं कमी करावीत. चिडचिड, धावते विचार, झोपेची गरजच न वाटणं सुरू झालं तर दिवा त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन.

सोबत दोन बिनखर्ची बदल केले. पूर्वेच्या एका खिडकीवरची काळी ताडपत्री काढून तिथे पारदर्शक पत्रा लावला. चाळीसचे ३५० लक्स झाले. उपचाराला तेवढे पुरत नाहीत, पण घर घरासारखं दिसू लागतं. दुसरं, दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं बाहेर चालणं. काळी छत्री डोक्यावर धरली की धुक्यातला उरलासुरला उजेडही अडतो. पारदर्शक छत्री किंवा टोपीचा रेनकोट बरा.

दहाव्या दिवशी गुण १०. रविवारची झोप आठ तासांवर आली. त्यानंतर जुलैअखेरच्या वादळी पावसात लाइन तुटली, चार दिवस सकाळची वीज नव्हती आणि पॉइंट इन्व्हर्टरवर नव्हता. तिसऱ्या दिवसापासून उठणं पुन्हा अवघड झालं. या उपचाराचा परिणाम साठून राहत नाही, थांबवला की काही दिवसांत ओसरतो, आणि नेमका हाच भाग लोक विसरतात. बरं वाटतंय म्हणून ऑगस्टमध्ये दिवा बंद केलेले सप्टेंबरात परत पहिल्या पायरीवर येतात. पॉइंट बदलून घेतल्यावर चौथ्या आठवड्याअखेर गुण ६ झाले. गोड खाण्याची ओढ थोडी उरली. वाढलेलं वजन दिव्याने उतरलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

यातलं किती दिव्याचं आणि किती ठरलेल्या वेळी उठण्याचं, दुपारच्या चालण्याचं? एका प्रकरणातून ते वेगळं करता येत नाही. रोज एकाच वेळी उठणं हे स्वतःच मनावरचं औषध आहे. पण दिवा नुसता विश्वासाचा खेळ नाही. कॅनडात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिवाळी नैराश्याच्या ९६ रुग्णांपैकी निम्म्यांना १०,००० लक्सचा दिवा आणि खोटी गोळी, निम्म्यांना नाममात्र दिवा आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध २० मिलिग्रॅम दिलं होतं; आठ आठवड्यांनी दोन्हींकडे प्रतिसाद ६७ टक्के निघाला. दिव्याकडचा फरक पहिल्या आठवड्यात थोडा आधी दिसला. पुढे अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातल्या केली रोहन यांच्या अभ्यासात त्याच त्या हिवाळ्यापुरते दिवा आणि बोलण्याचा वर्तनोपचार सारखेच ठरले, पण दोन हिवाळ्यांनंतर पुन्हा उदासी येण्याचं प्रमाण वर्तनोपचार घेतलेल्यांत कमी होतं. त्यामुळे ज्यांना दर पावसाळ्यात ४५ मिनिटं बसणं नकोसं होतं, त्यांनी समुपदेशनाकडे वळण्यात काही गैर नाही. दोन ते तीन आठवडे नीट मात्रा घेऊनही गुण जवळपास तेवढेच राहिले तर मिनिटं वाढवत बसू नये, औषधाचा विचार डॉक्टरांसोबत करावा. चालू गोळी मात्र दिव्याच्या भरवशावर परस्पर बंद करायची नाही.

बाईंनी दिवा दसऱ्यापर्यंत चालू ठेवला. झड्या उतरल्या, खिडक्या उघडल्या, अंगणात सकाळी नऊला चाळीस हजार लक्स भरू लागले, मग आठवडाभरात मिनिटं कमी करत थांबवला. पुढच्या वर्षी लक्षणांची वाट बघायची नाही: मे महिन्यात डोळ्यांची तपासणी, मृग लागला की दुसऱ्या दिवसापासून २० मिनिटांनी सुरुवात, जूनअखेर ४५. पॅनल काढताना डिफ्युझर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले. लक्समीटरची बॅटरी काढून ठेवली, नाहीतर ती आतच गळते.